आठ वर्षे उभी असलेली चेतक आणि इतर प्रश्न

या महिन्यात सदराकडे आलेल्या पत्रांमध्ये जुन्या गाड्यांविषयीची पत्रे इतकी होती की बाकीचे विषय पुढच्या अंकावर ढकलावे लागले. एकाच आशयाची पत्रे एकत्र केली आहेत आणि नेहमीप्रमाणे पत्रलेखकांची नावे न देता फक्त गाव दिले आहे.

प्रश्न : माझ्या वडिलांनी १९८७ साली घेतलेली बजाज चेतक गेली आठ वर्षे घरामागच्या शेडमध्ये उभी आहे. येत्या दिवाळीत वडिलांना पंचाहत्तर वर्षे पूर्ण होतील, त्याआधी ती चालू करावी अशी इच्छा आहे. गावातल्या मिस्त्रींनी गाडीला हात न लावताच ‘इंजिन उतरवावे लागेल’ असे सांगून टाकले. मला थोडेफार पाने चालवता येतात. मी स्वतः काय करू शकतो? — एक वाचक, सांगली

उत्तर : सर्वात आधी, किक मारू नका. आठ वर्षे उभ्या राहिलेल्या गाडीच्या सिलिंडरमध्ये तेलाचा थर उरलेला नसतो, पिस्टनच्या रिंगा गंजाने जागच्या जागी धरून बसलेल्या असू शकतात आणि अशा वेळी उत्साहाच्या भरात मारलेल्या एका किकने रिंग मोडते. मग मिस्त्रींचे म्हणणे तुम्हीच खरे करून दाखवता. उजव्या बाजूचे इंजिनावरचे झाकण काढा, प्लग काढा, प्लगच्या भोकातून दोन चमचे टू-टी तेल (या इंजिनात पेट्रोलमध्ये मिसळतात ते) आत सोडा आणि रात्रभर गाडीला हात लावू नका. दुसऱ्या दिवशी प्लग न लावताच किकची दांडी हाताने, पायाने नव्हे, हळूहळू खाली दाबा. ती सरळ खाली गेली तर इंजिन जाम झालेले नाही एवढे निश्चित कळते. मध्येच अडली तर जोर करू नका. तेल सोडणे आणि दाबून पाहणे हा क्रम चार-पाच दिवस करा; त्यानंतरही अडत असेल तर मिस्त्रींना बोलवा.

त्यानंतर पेट्रोल. सीट उचलून टाकी पूर्ण रिकामी करा आणि आतून बॅटरीच्या उजेडात पाहा. तळाशी तांबूस भुगा दिसला तर टाकी उतरवून धुवावी लागेल, कारण तोच भुगा नळीतून खाली उतरतो. खरी मेख मात्र कार्बोरेटरमध्ये, म्हणजे हवा आणि पेट्रोल यांचे मिश्रण करणाऱ्या भागात असते. तेल मिसळलेले पेट्रोल वाळले की मागे चिकट राळेसारखा थर राहतो आणि तो नेमका जेटच्या, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणाऱ्या पितळी तोटीच्या, भोकात बसतो. जेटवर जो आकडा कोरलेला असतो, तो त्या भोकाचा मिलिमीटरच्या शंभराव्या भागात मोजलेला व्यास असतो. १०० म्हणजे बरोबर एक मिलिमीटर. हे लक्षात घेतले म्हणजे जेटमध्ये तार किंवा टाचणी का घालू नये हे वेगळे सांगावे लागत नाही. पितळ मऊ असते, भोक एका घासण्यात मोठे होते आणि नंतर गाडी कायमची पेट्रोल पिऊ लागते. जेट रात्रभर पेट्रोलमध्ये बुडवून ठेवा, सकाळी फुंकून पाहा, उजेडाकडे धरून आरपार गोल प्रकाश दिसतो का ते पाहा.

ठिणगी तपासण्यासाठी प्लग टोपीत बसवून त्याचे लोखंडी अंग इंजिनाच्या धातूला टेकवा आणि कोणाला तरी किक मारायला सांगा. हे करताना प्लग सिलिंडरच्या उघड्या भोकापासून लांब ठेवा, कारण त्या भोकातून पेट्रोलची वाफ बाहेर येते. ठिणगी निळी व ठसठशीत असावी. पिवळट, बारीक असेल किंवा मुळीच नसेल तर आपली गाडी १९८७ ची, म्हणजे पॉइंटची (ठिणगीसाठी वीज जोडणाऱ्या-तोडणाऱ्या धातूच्या दोन टोकांची) असण्याची शक्यता जास्त, आणि आठ वर्षांत पॉइंटांवर बुरशीसारखा थर जमलेला असणार. मॅग्नेटच्या (वीज तयार करणाऱ्या चुंबकी चाकाच्या) खिडकीतून बारीक पॉलिश पेपरची पट्टी पॉइंटांमध्ये घालून दोनदा ओढा, नंतर स्वच्छ कागदाची पट्टी ओढा आणि पॉइंट पूर्ण उघडलेल्या स्थितीत फट ०.४ मिलिमीटरच्या आसपास आहे का ते फिलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पट्ट्यांनी) पाहा.

एवढे झाल्यावर, नव्या पेट्रोलमध्ये तेलाचे प्रमाण लिटरला नेहमीच्या २० मिलिलिटरऐवजी पहिल्या टाकीपुरते थोडे वाढवून, गाडी चालू करा. ती चालू होईल असे मला वाटते, परंतु मिस्त्रींचे बोलणे अगदीच निराधार नाही. टू-स्ट्रोक इंजिनात क्रँकच्या (पिस्टनमुळे फिरणाऱ्या मुख्य दांड्याच्या) दोन्ही अंगांना रबरी ऑइल सील असतात आणि गाडी उभी राहिली की ते कडक होतात. क्लचकडचा सील गेला तर गिअरचे तेल इंजिनात ओढले जाते आणि गाडी गरम झाल्यावरही पांढरा धूर थांबत नाही. मॅग्नेटकडचा गेला तर बाहेरची हवा आत शिरते आणि अॅक्सिलरेटर सोडला तरी इंजिन आपोआप चढत जाते. या दोहोंपैकी एक जरी लक्षण दिसले तरी इंजिन उतरवण्यावाचून मार्ग नाही, आणि ते काम मिस्त्रींचेच आहे. माझा आक्षेप एवढाच की लक्षण पाहण्याआधी निदान सांगितले गेले.

येथे एका जुन्या सवयीबद्दल लिहितो, कारण पत्रात तुम्ही वडील ‘गाडी आडवी करून’ चालू करत असल्याचे लिहिले आहे. चेतक तिरकी केली की कार्बोरेटरच्या वाटीतली पातळी बिघडते, थोडे जास्तीचे पेट्रोल घशात उतरते आणि चोक ओढल्यासारखा परिणाम होतो. थंडीत कधीतरी ठीक आहे. रोज सकाळी करावे लागत असेल तर ती खोड गाडीची नाही. कुठेतरी जेट अर्धवट बुजलेला आहे किंवा पॉइंट खाल्ले गेले आहेत आणि तो दोष आपण वर्षानुवर्षे गाडी आडवी करून झाकत आलो आहोत.

शेवटी चाके. टायरच्या भिंतीवर भेगा असतील तर नक्षी कितीही शाबूत असली तरी टायर बदला. चेतकची रिम दोन अर्धुकांची असते: चाक ड्रमला धरणारे नट वेगळे आणि ही अर्धुके एकमेकांना धरणारे नट वेगळे. ट्यूबमध्ये हवा असताना दुसऱ्या प्रकारचे नट सोडले तर रिम अंगावर उडते. आधी व्हॉल्व्हची पिन काढा, हवा पूर्ण जाऊ द्या, मगच पाना लावा.

प्रश्न : मी यंत्र अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षात आहे. नव्या गाड्या वेग, इंधन, सुरक्षितता, प्रदूषण या सर्व बाबतींत सरस असताना लोक जुन्या गाड्यांवर इतका जीव का टाकतात? हे निव्वळ स्मरणरंजन नाही का? — एक विद्यार्थी, पुणे

उत्तर : नव्या गाड्या सरस आहेत हे आपले म्हणणे पूर्णपणे मान्य आहे. टू-स्ट्रोक इंजिनात ताज्या मिश्रणाचा काही भाग न जळताच, तेलासकट, सायलेन्सरमधून बाहेर पडतो. हा रचनेतलाच दोष आहे. दहा इंची चाकांवरचे ड्रम ब्रेक पावसात किती भरवशाचे असत हे ज्यांनी पाषाणच्या किंवा कात्रजच्या उतारावर अनुभवले आहे, त्यांच्यापुढे जुन्या गाड्यांचे गोडवे गाण्याचे धाडस मी करणार नाही. स्मरणरंजनाचा भागही आहेच. परंतु ज्यांचा जन्म चेतक बंद झाल्यानंतरचा आहे, अशी मुलेसुद्धा जुनी गाडी आणून रविवारची रविवार तिच्यापुढे मांडी घालून बसतात, तेव्हा आठवणींपलीकडे काहीतरी आहे हे मान्य करावे लागते.

ते काय आहे हे एका उदाहरणाने सांगतो. पॉइंटची, उजव्या पायाला गिअर असलेली बुलेट चालू करताना जाणकार माणूस आधी हेडलाइटवरच्या, विजेचा प्रवाह दाखवणाऱ्या अॅमिटरकडे पाहतो. चावी फिरवून किक हलकेच दाबत नेली की काटा डावीकडे जातो आणि पुढे दाबल्यावर मध्यावर परत येतो. पॉइंट बंद असताना कॉइलमधून वीज वाहत असते म्हणून काटा डावीकडे; पॉइंट उघडले की प्रवाह थांबतो म्हणून मध्यावर. म्हणजे तो काटा, बॅटरीची स्थिती दाखवता दाखवता, सिलिंडरच्या आत पिस्टन कुठे आहे हेही सांगत असतो. मग डिकॉम्प्रेसरची (सिलिंडरमधला दाब सोडून देणारी) कळ दाबून किक थोडी पुढे घ्यायची, कळ सोडायची, किक वर येऊ द्यायची आणि एकदाच, पूर्ण वजनाने, खालपर्यंत. चुकलात तर किक उलटी येते आणि पोटरी सुजते. या सगळ्यात शक्तीपेक्षा समज अधिक लागते, आणि न दिसणारी गोष्ट दिसणाऱ्या खुणेवरून ओळखण्याचा जो आनंद आहे, तो बटण दाबून गाडी चालू करणाऱ्याच्या वाट्याला येत नाही. बटण अर्थातच सोयीचे आहे. माझ्या स्वतःच्या रोजच्या गाडीला बटणच आहे.

दुसरे कारण आपल्या देशाच्या औद्योगिक इतिहासात आहे आणि त्याकडे सहसा लक्ष दिले जात नाही. उद्योगांवर सरकारी परवान्यांचे बंधन होते त्या काळात गाड्यांचे नमुने बदलतच नव्हते. मॉरिस ऑक्सफर्डच्या तिसऱ्या मालिकेवरून घेतलेली अॅम्बॅसडर १९५८ पासून २०१४ पर्यंत निघत राहिली. बुलेट १९५५ च्या सुमारास मद्रासला आली, इंग्लंडमधला रेडिचचा मूळ कारखाना नंतर बंद पडला, तरी ती इथे चालूच राहिली. इटलीच्या पियाजिओ कंपनीशी असलेला व्हेस्पा स्कूटरचा करार १९७१ मध्ये संपल्यावर बजाजने १९७२ मध्ये महाराणा प्रतापांच्या घोड्याचे नाव देऊन आणलेली चेतक तीस वर्षांहून अधिक काळ आकुर्डीच्या आणि इतर कारखान्यांतून बाहेर पडत होती, आणि तिच्यासाठी नाव नोंदवून आठ-आठ, दहा-दहा वर्षे थांबण्याची लोकांना सवय झाली होती. ग्राहकाच्या दृष्टीने ही नामुष्कीच होती. पण त्यामुळे असे घडले की तालुक्याच्या गावातला एखादा मिस्त्री विशीत जे इंजिन उघडू लागला, तेच इंजिन तो साठीतही उघडत होता. चाळीस वर्षे एकाच यंत्रावर हात फिरला की आवाजावरून दोष ओळखणे हा चमत्कार राहत नाही. नव्या गाडीची वाट पाहण्यापेक्षा हातातली टिकवणे भाग होते, म्हणून बुश लेथवर काढले जात, क्लच प्लेटवर नवे बूच बसवले जात, सिलिंडर बोअर करून वरच्या मापाचा पिस्टन घातला जाई. ज्याला आज आपण कौतुकाने ‘हातातले कसब’ म्हणतो, ते टंचाईचे अपत्य आहे. कसब हवे असेल तर टंचाईही परत हवी असे कोणी म्हणू लागला, तर त्याला मी स्कूटरच्या त्या प्रतीक्षायादीत उभे करीन.

आपण अभियंता होणार आहात म्हणून एक सुचवतो. एप्रिल २०२० मध्ये प्रदूषणाची बीएस-सहा मानके आल्यापासून दुचाकींवरही कार्बोरेटरची जागा बहुतेक ठिकाणी इंधन फवारणीने घेतली आहे. एखाद्या जुन्या गाडीचा कार्बोरेटर एकदा स्वतः पूर्ण सुटा करा, हवेचा वेग वाढला की तिथला दाब कमी होऊन पेट्रोल कसे वर ओढले जाते ते पाहा, स्लो जेट (मंद गतीचा) आणि मेन जेट (वेगाचा) यांचे काम कुठे एकमेकांवर येते ते इंजिन चालवून अनुभवा. त्यानंतर वर्गात फवारणीचे नकाशे, म्हणजे कोणत्या वेगाला किती पेट्रोल सोडायचे याचे तक्ते, शिकताना संगणक जे गणित करतो आहे ते पितळेच्या दोन भोकांनी कसे ओबडधोबड केले होते हे आपल्याला दिसेल.

प्रश्न : माझी मुलगी आठवीत आहे. तिला गाड्या उघडण्याची विलक्षण आवड आहे, परंतु जवळच्या गॅरेजमध्ये मुलीला बसू देत नाहीत. घरी सुरुवात कशी करावी, कोणती हत्यारे घ्यावीत? — एक वाचक, अकोला

उत्तर : सायकलपासून करा, आणि मनापासून करा, सायकल म्हणजे गाडीची पायरी, असे समजून घाईने ओलांडू नका. मागच्या चाकाच्या आसावरचा कोन (छर्‍यांना धरणारा शंकूच्या आकाराचा नट) किती आवळला म्हणजे चाक डुलतही नाही आणि जडही फिरत नाही, हे ज्या बोटांना कळले त्यांना पुढे स्कूटरचा क्लच जुळवणे कठीण जात नाही.

हत्यारांचा मोठा संच एकदम घेऊ नका. त्यातली निम्मी कधी वापरली जात नाहीत आणि उरलेली स्वस्त पोलादाची निघतात. दहा-अकरा, बारा-तेरा आणि चौदा-पंधरा असे तीन रिंग पाने चांगल्या प्रतीचे घ्या, त्याच मापांचे उघड्या तोंडाचे पाने नंतर घ्या. रिंग पाना नटाला चहूबाजूंनी धरतो, त्यामुळे शिकणाऱ्याच्या हातून नटाचे कोपरे गोल होत नाहीत. दोन पेचकस, एक नाकाडी पक्कड, प्लगचा पाना, फिलर गेज, तारेचा ब्रश, रॉकेलसाठी जुनी परात आणि भरपूर सुती चिंध्या. याशिवाय एक वही. काय कोणत्या क्रमाने काढले हे लिहीत गेले की जोडताना उलट्या क्रमाने वाचता येते. आजकाल मुले मोबाइलवर छायाचित्र काढतात, तेही चांगलेच, पण छायाचित्रात वॉशर कोणत्या बाजूने होता हे हमखास दिसत नाही.

माझी स्वतःची पहिली मोठी चूक सांगतो. मी सोळा वर्षांचा असताना एका तालुक्याच्या गावी सुट्टीत गॅरेजवर बसत असे. एका गिऱ्हाइकाच्या स्कूटरचा प्लग बसवताना तो थोडा तिरका लागला. मला वाटले जड जातो आहे, म्हणून मी पान्याने जोर दिला. अॅल्युमिनियमच्या हेडमधले आटे सोलून निघाले. उस्ताद रागावले नाहीत. त्यांनी हेड काढून नव्या आट्यांसाठी लेथवाल्याकडे पाठवले, कोपऱ्यातले एक भंगारातले हेड आणि एक जुना प्लग माझ्या हातात दिला आणि आठवडाभर दुसरे कोणतेही काम न देता, डोळे मिटून, फक्त बोटांनी प्लग लावायला आणि काढायला लावले. तेव्हापासून कोणताही आट्यांचा भाग मी आधी उलटा फिरवतो. आटा आट्यात पडल्याची बारीकशी ‘टक्’ बोटांना जाणवली की मग सरळ. तीन-चार फेरे बोटांनीच झाले पाहिजेत. पाना त्यानंतर. आपल्या मुलीला पहिल्या दिवशी एवढेच शिकवा.

गॅरेजविषयी म्हणाल तर गर्दीच्या वेळी कोणत्याच मुलाला नीट शिकवले जात नाही, मुलीला तर नाहीच. स्वतःचीच सायकल घेऊन दुपारच्या निवांत वेळी आई किंवा वडिलांपैकी एकाने सोबत जाऊन बसावे. काम करणारा माणूस, समोर खरी उत्सुकता दिसली की, बोलू लागतो. दहावीनंतरही आवड टिकली तर आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा दोन वर्षांचा अभ्यासक्रम आहे आणि तिथे मुलींना प्रवेश आहे. आणि यंदाच्या खंडेनवमीला घरातल्या विळी-कोयत्याशेजारी तिचे तीन पानेही पूजेला मांडा.

प्रश्न : एक येझदी रोडकिंग मोटरसायकल विकाऊ आहे. रंग, क्रोम सगळे नव्यासारखे आहे आणि किंमतही तशीच आहे. घेण्यापूर्वी काय पाहावे? — एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : खिशात एक छोटे लोहचुंबक घेऊन जा. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेत पत्रा आतून खाल्ला जातो आणि रंगारी त्यावर लांबी (पुट्टी) भरून आरशासारखा रंग देतात. जिथे चुंबक धरत नाही तिथे पत्रा नाही, लांबी आहे. टाकीची खालची बाजू, मडगार्डच्या कडा आणि बॅटरीखालची पट्टी आवर्जून पाहा.

गाडी थंड असतानाच चालू करून दाखवण्याचा आग्रह धरा. तुम्ही पोचण्याआधी मालकाने ती गरम करून ठेवली असेल तर चहा घ्या आणि थांबा. जावा आणि येझदी या मोटरसायकलींत किक आणि गिअर यांची दांडी एकच असते, आत दाबून वर फिरवली की तीच किक होते. ही जोडणी झिजली असेल तर किक मध्येच सुटते, त्यामुळे ती निदान दहा वेळा मारून पाहा. एकाच सिलिंडरला दोन सायलेन्सर आहेत. दोहोंतून येणारा फुसाटा सारखा हवा. एकातून कमी येत असेल तर आत काजळी साचली आहे, हा किरकोळ दोष. पण अॅक्सिलरेटर हळूच वाढवताना खालून ठोकल्यासारखा आवाज आला तर क्रँकच्या कनेक्टिंग रॉडचे बेअरिंग गेले आहे, आणि तो खर्च किमतीतून वजा झालाच पाहिजे. या गाड्यांचा म्हैसूरचा कारखाना १९९६ मध्ये बंद झाला, तरी शौकिनांच्या मागणीमुळे बहुतेक भाग नव्याने बनवलेले मिळतात, म्हणून एखादा भाग नसणे हे न घेण्याचे कारण नव्हे. इंजिन आणि चॅसिसचे (सांगाड्याचे) क्रमांक आरसी पुस्तकाशी न जुळणे हे मात्र आहे.

प्रश्न : मी ऊस उत्पादक आहे. आमच्याच उसाचे इथेनॉल पेट्रोलमध्ये जाते याचा आनंद आहे, पण १९७९ ची माझी बुलेट अलीकडे फटफटते आणि पेट्रोलची नळी वर्षात दोनदा फुगली. काय करावे? — एक वाचक, कोल्हापूर जिल्हा

उत्तर : आपल्या एका हाताने दिलेले दुसऱ्या हातातल्या बुलेटला बाधते आहे, असा हा प्रकार आहे. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. १९७९ साली वापरलेले रबर त्यासाठी बनवलेलेच नव्हते. ते फुगते, मऊ पडते आणि त्याचे कण कार्बोरेटरमध्ये उतरतात. नळी, पेट्रोल कॉकचे वॉशर, कार्बोरेटरमधल्या फ्लोटच्या वाटीचे गॅस्केट आणि टाकीच्या झाकणाचे रबर हे चारही भाग इथेनॉल सोसणाऱ्या रबराचे एकदमच बदलून घ्या. एकेक बदलत बसलात तर राहिलेला भाग नव्या भागात कचरा पाठवत राहील.

फटफटण्याचे कारण वेगळे आहे. इथेनॉलच्या रेणूत ऑक्सिजन असल्यामुळे तेवढ्याच जेटमधून जाणारे मिश्रण इंजिनाला पातळ, म्हणजे हवेच्या मानाने इंधन कमी असलेले, पडते. गाडी पाच-सहा किलोमीटर नेहमीच्या वेगाने चालवून बंद करा आणि प्लग काढून पाहा. टोक कॉफीच्या रंगाचे असेल तर जेटला हात लावू नका. पांढुरके, चुन्यासारखे असेल तर मेन जेट एक माप वरचा घ्या आणि पुन्हा पाहा. दोन मापे एकदम चढवू नका.

इथेनॉल हवेतले पाणीही शोषते, आणि आपल्याकडचा पाऊस पाहता ही बाब गंभीर आहे. पाणी जास्त झाले की ते इथेनॉलसह खाली बसते, वर पेट्रोल राहते आणि टाकी तळापासून गंजते. पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी काठोकाठ भरा किंवा पूर्ण रिकामी करा, अर्धी ठेवू नका. आणि उभी करताना कॉक बंद करून इंजिन आपोआप विझेपर्यंत चालू द्या, म्हणजे कार्बोरेटर कोरडा राहतो.

प्रश्न : सासऱ्यांची १९७४ ची फियाट आमच्याकडे आहे. ती व्हिंटेज म्हणून नोंदवावी असे मला वाटते. मेहुण्यांचे म्हणणे असे की तिच्यात नवीन गाडीचे इंजिन बसवून रोज वापरावी. — एक वाचक, ठाणे

उत्तर : दोन्ही गोष्टी एकदम होणार नाहीत, आणि मेहुण्यांचा बेत तर मुळीच होऊ नये. कागदावर प्रीमियर किंवा पद्मिनी असे काहीही लिहिलेले असो, आपण तिला फियाट म्हणता हे वाचून बरे वाटले. तिची ओळख तीच आहे. केंद्रीय मोटार वाहन नियमांत जुलै २०२१ मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षांहून जुनी दुचाकी किंवा चारचाकी, तिचे मूळ स्वरूप राखलेले असेल तर, व्हिंटेज म्हणून नोंदवता येते. १९७४ ची गाडी ही अट पूर्ण करते. नव्या नोंदणीचे शुल्क नियमात २०,००० रुपये असे ठरवले होते, नोंदणी दहा वर्षे चालते आणि फेरनोंदणीला ५,००० रुपये. नव्याने नोंदल्या जाणाऱ्या व्हिंटेज गाडीला ‘व्हीए’ ही अक्षरे असलेला क्रमांक मिळतो; आधीच नोंदलेल्या गाडीचा जुना क्रमांक कायम ठेवण्याची सोय आहे, आणि सासऱ्यांचा क्रमांक घालवू नये असे मला वाटते.

परंतु अशी गाडी रोजच्या वापरासाठी किंवा व्यवसायासाठी रस्त्यावर आणता येत नाही. प्रदर्शन, रॅली, तांत्रिक अभ्यास, पेट्रोल भरणे आणि दुरुस्ती एवढ्यापुरतीच ती बाहेर काढायची. कोल्हापूरच्या दसऱ्याला छत्रपती घराण्याची जुनी मेबॅक मोटार ज्या थाटात निघते, तसे वर्षातले काही दिवस. भाजी आणायला नव्हे. रोज वापरायची असेल तर नेहमीची नोंदणी दर पाच वर्षांनी तपासणी करून वाढवत राहा. पंधरा वर्षे झाली की गाडी भंगारात, हा समज दिल्ली परिसरातल्या निर्बंधांमुळे पसरला आहे. महाराष्ट्रात तंदुरुस्त खासगी गाडीला तशी सरसकट बंदी नाही.

इंजिन बदलण्याबद्दल. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे परवानगीशिवाय असा बदल करता येत नाही, आणि परवानगी मिळाली तरी मूळ स्वरूप संपले म्हणजे व्हिंटेज नोंदणीची वाट कायमची बंद झाली. शिवाय त्या १,०८९ सीसीच्या इंजिनात असे काहीही नाही जे मुंबई-ठाण्यातला जुना मिस्त्री उभे करू शकणार नाही. फक्त उशीर करू नका. मुंबईतली शेवटची पद्मिनी, म्हणजे याच फियाटची, टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदली गेली होती आणि वीस वर्षांची मुदत संपल्यावर ऑक्टोबर २०२३ अखेर त्या रस्त्यावरून गेल्या. हजारो टॅक्सी धावत होत्या तोवर तिचे भाग गल्लोगल्ली मिळत. आता दुकानदार उरलेला माल पुन्हा भरत नाहीत. वॉटर पंप, क्लच प्लेट, ब्रेकचे रबर किट आणि डिस्ट्रिब्युटरचे पॉइंट यांचा एकेक जोड आजच घेऊन ठेवा.

आरटीओकडे जाण्यापूर्वी चॅसिसवरचा क्रमांक रॉकेलच्या फडक्याने घासून वाचता येतो का ते घरीच पाहून घ्या. पन्नास वर्षांत गाडीवर किती वेळा रंग चढला आहे कोणास ठाऊक, आणि तो क्रमांक रंगाखाली गेला असेल तर तुमची पहिली फेरी फुकट जाईल.